पेशीतला मुकादम

पायात काही न घालता सगळीकडे हिंडायचं, घोड्यांच्या लिदीतून चालायचं, आणि तरी धनुर्वात नाही! असं कसं बरं?

प्रशांत महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर रापा नुई हे बेट आहे. अवाढव्य दगडी पुतळ्यांचं बेट, तेच! 1964 साली कॅनडाहून संशोधकांची तुकडी तिथे गेली. तिथल्या अनवाणी हिंडणाऱ्या लोकांना धनुर्वात का होत नाही, या प्रश्नानं तुकडीतल्या जॉर्ज नोग्राडी यांना पछाडलं होतं. उत्तर मातीत शोधायचं म्हणून त्यांनी बेटाचे 67 भाग पाडले आणि प्रत्येक भागातली माती गोळा केली.

ही माती पुढे माँट्रियलच्या एका औषध कंपनीत पोचली. सुरेन सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिच्यात एक जिवाणू सापडला. तो एक भन्नाट रसायन बनवत होता. बुरशीची वाढच थांबवणारं! बेटावरून त्याचं नाव ठेवलं रापामायसिन. काही वर्षांनी तिथली प्रयोगशाळा बंद झाली, काम थांबलं. पण सेहगल यांनी तो जिवाणू फेकला नाही, चक्क घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त आवडतात ते सेहगलच.

पण हे रसायन वाढ थांबवतं कसं? 1991 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मायकेल हॉल आणि त्यांच्या साथीदारांनी यीस्टच्या पेशींमध्ये शोध घेतला. रापामायसिन ज्याला गप्प बसवतं, ते प्रथिन त्यांना सापडलं. त्याचं नाव टॉर. मग कळलं, टॉर माणसाच्या पेशीतही आहे. म्हणजे आत्ता, हे वाचताना, तुमच्या बोटांतसुद्धा!

टॉर म्हणजे बांधकामावरचा मुकादम. तुम्ही वरण-भात, अंडं, दूध असं काही खाल्लं, की त्यातल्या प्रथिनांचे सुटे घटक पेशीत पोचतात. विटा-वाळू आली! टॉर लगेच नवं बांधकाम सुरू करतो. माल आला नाही, तर टॉर शांत होतो. मग पेशी आपलेच मोडके, निकामी भाग पाडते आणि निघालेला माल परत वापरते. या पाडकामाचं गूढ उकलल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली नोबेल मिळालं.

वय वाढतं तसा पेशीत असा मोडका माल साचत जातो. मग टॉरला थोडं आवरलं तर?

अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी उंदरांच्या खाण्यात रापामायसिन मिसळायचं ठरवलं. पण खाण्यात ते टिकेना! उपाय सापडेपर्यंत उंदीर 600 दिवसांचे झाले, म्हणजे उंदरांतले आजी-आजोबाच. तरी प्रयोग केला. 2009 साली निकाल आला: म्हातारपणी सुरुवात करूनही ते उंदीर जास्त जगले, माद्या तर नरांहून अधिक!

तुमचं काय? तुमची उंची वाढायची आहे, हाडं-स्नायू घडायचे आहेत, त्यासाठी टॉर जोरात चालायलाच हवा. तेव्हा पोटभर जेवा. शिवाय रापामायसिन रोगप्रतिकारशक्ती दाबतं, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ते त्यासाठीच देतात. तरुण राहायची गोळी म्हणून कुणीही घ्यावी, असं ते नाही.

सध्या अमेरिकेत पाळीव कुत्र्यांवर त्याची चाचणी चालू आहे. मोठे कुत्रे लहान कुत्र्यांपेक्षा कमी जगतात, म्हणून या चाचणीत वजनदार कुत्रेच घेतले आहेत.