'हुड'ची घंटा

२४ मे १९४१ची सकाळ. आइसलँड आणि ग्रीनलँडमधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत जर्मन 'बिस्मार्क'च्या तोफांनी ब्रिटनच्या 'हुड'ला गाठलं. दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि २६२ मीटर लांबीची ती बॅटल क्रूझर जेमतेम तीन मिनिटांत बुडाली. १,४१८ जणांपैकी वाचले फक्त तिघे.

जुलै २००१मध्ये डेव्हिड मर्न्स यांच्या मोहिमेला तिचे अवशेष सापडले, सुमारे २,८०० मीटर खोलीवर. तिघांपैकी एकटे हयात असलेले टेड ब्रिग्ज त्या वेळी मोहिमेसोबत होते. केबलच्या टोकाला सोडलेल्या यानाचा कॅमेरा विखुरलेल्या लोखंडावरून फिरत असताना पडद्यावर एक ओळखीचा आकार आला: जहाजाची घंटा! सांगाड्यापासून सुटून ती एकटीच पडली होती.

घंटा म्हणजे जहाजाची ओळखच. जुन्या नौदलाच्या वस्तू जमवणाऱ्यांसाठी याहून मोठं घबाड नाही. पण ही जागा १,४१५ जणांची कबर होती. तेव्हा घंटेला कुणी हात लावला नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कायद्याने अवशेषांना संरक्षण मिळालं, सरकारी परवानगीशिवाय तिथलं काहीही उचलायला बंदी आली. घंटा वर यावी, मृतांचं स्मारक म्हणून राहावी, ही ब्रिग्ज यांची इच्छा होती. ते २००८मध्ये गेले.

पुढे परवानगी मिळाली. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी 'ऑक्टोपस' ही आपली नौका आणि तिच्यावरचं यान देऊ केलं. २०१२मध्ये मोहीम निघाली, पण हवामानापुढे हात टेकावे लागले. अखेर ७ ऑगस्ट २०१५ रोजी यांत्रिक हातांनी घंटा उचलली.

खाऱ्या पाण्याने चढवलेला थर पोर्ट्समथमधल्या तज्ज्ञांनी महिनोन्‌महिने खपून काढला, तसा कोरलेला मजकूर वाचता येऊ लागला. ही घंटा मुळात या 'हुड'ची नव्हतीच! ती याच नावाच्या जुन्या, १८९१ सालच्या युद्धनौकेची होती. १९१४मध्ये पोर्टलंड बंदराचा रस्ता रोखण्यासाठी ती नौका मुद्दाम बुडवण्यात आली. तिची घंटा मात्र रिअर ॲडमिरल होरेस हुड यांनी जपून ठेवली. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत त्यांची 'इन्व्हिन्सिबल' दारूगोळ्याच्या स्फोटाने फुटली आणि तेही तिच्यासोबत गेले. २२ ऑगस्ट १९१८ला लेडी हुड यांच्या हस्ते नव्या 'हुड'चं जलावतरण झालं आणि पतीच्या स्मरणार्थ घंटा तिला भेट मिळाली. पतीच्या जहाजावर जे ओढवलं तेच या जहाजाच्याही नशिबी होतं, हे त्या माउलीला कसं कळावं?

२४ मे २०१६ला, बुडण्याला ७५ वर्षं झाली त्या दिवशी, प्रिन्सेस ॲन यांनी घंटेचे आठ टोल दिले. नौदलात आठ टोल म्हणजे पहारा संपला. आता घंटा पोर्ट्समथच्या नौदल संग्रहालयात आहे.

लेडी हुडनी मनात आणलं असतं तर ती घरीच ठेवता आली असती, कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी ती खलाशांच्या हवाली केली. संग्रहालयानेही तोच शिरस्ता पाळला. असल्या वस्तूची मालकी सांगायची नसते, राखण करायची असते.