खडबडीत पृष्ठभागांचा स्पर्श आणि अनपेक्षित तापमाने

घासून गुळगुळीत केलेले दोन पोलादी ठोकळे एकमेकांवर ठेवले असता ते सर्वत्र टेकले आहेत असे दिसते. वस्तुतः ते काही थोड्या उंचवट्यांच्या माथ्यांवरच टेकलेले असतात. खरे स्पर्शक्षेत्र स्थूलमानाने भार भागिले कठिनता इतके असते. १ चौरस सेंटिमीटर पृष्ठावर १०० न्यूटन भार असून कठिनता दर चौरस मिलिमीटरला २००० न्यूटन धरली, तर हे क्षेत्र ०.०५ चौरस मिलिमीटर, म्हणजे दिसणाऱ्या क्षेत्राचा दोन हजारावा भाग, भरते. सेकंदाला १ मीटर वेग आणि ०.३ घर्षणांक असता निर्माण होणारी ३० वॅट उष्णता एवढ्याच जागेतून आत शिरते. माथ्यांवर क्षणमात्र चढणाऱ्या या तापमानाचे गणित ब्लोक यांनी १९३७ मध्ये व येगर यांनी १९४२ मध्ये मांडले.

आता संगणकीय सदृशीकरणात उंचवटे अधिक बारीक केले की शिखर-तापमान वाढेल, अशी अपेक्षा असते. उत्तर मात्र उलट येते. हे उत्तर बरोबर आहे. वेगाचा परिणाम बाजूस ठेवून आणि उष्णता दोन्ही ठोकळ्यांत सारखी वाटली जाते असे मानून पाहिल्यास, सर्व स्पर्श एकाच वर्तुळाकार ठिपक्यात असता तापवृद्धी सुमारे ६६० अंश येते. त्याच क्षेत्राचे दूरदूरचे १०० ठिपके केले, तर प्रत्येकाची उष्णता शंभरावा हिस्सा होते, पण त्रिज्या दहावा हिस्साच होते. आणि तापवृद्धी उष्णता भागिले त्रिज्या या प्रमाणात असल्याने ती सुमारे ६६ अंशांवर येते. शेजारच्या ठिपक्यांची उष्णता तीत थोडी भर घालते, इतकेच. 'पृष्ठभागाचे तापमान' या एकवचनी शब्दप्रयोगानेच येथे पुष्कळसा घोटाळा होतो. ठिपक्याचे तापमान निराळे आणि ठोकळ्याचे निराळे.

दुसरे आश्चर्य मात्र खोटे असते. ठोकळे आरंभी ३० अंशांवर असून, उष्णता शोषणारे काहीही नसताना, स्पर्शाखालील एखादा बिंदू २२ अंश दाखवतो. येथे निसर्गात कारण शोधण्यात अर्थ नाही. ०.१ मिलिमीटरचा ठिपका ओलांडण्यास एका दशसहस्रांश सेकंदाचा अवधी लागतो, आणि तेवढ्यात उष्णता पोलादात जेमतेम ०.०३५ मिलिमीटर खोल जाते. जाळ्यातील घटक ०.१ मिलिमीटरचा असेल, तर हा तीव्र उतार त्यात मावत नाही आणि गणित पलीकडच्या बिंदूवर तोल सावरू पाहते. रेषीय घटकांच्या नेहमीच्या मांडणीत कालपद, घटकाच्या लांबीचा वर्ग भागिले उष्णता-विसरणांकाची सहापट, याहून लहान असू नये. वरील घटकास ही मर्यादा सुमारे ०.१४ मिलिसेकंद येते. म्हणून अचूकतेच्या हौसेने केवळ कालपद लहान करणाऱ्याचे उत्तर बिघडतच जाते. घटक ०.०२ मिलिमीटरचा केला की मर्यादा सुमारे पंचवीस पटींनी खाली येते.

उत्तर वितळबिंदूच्या वर गेले, तर दोष बहुधा स्थिर मानलेल्या कठिनतेचा असतो. धातू तापला की मऊ होतो, स्पर्शक्षेत्र पसरते आणि तापमान आवरले जाते. बाउडन व रिडलर यांनी १९३६ मध्ये घासणाऱ्या दोन भिन्न धातूंनाच तापयुग्म बनवून मोजणी केली. तेव्हा तापमान कमी वितळबिंदूच्या धातूच्या वितळबिंदूपर्यंत चढले आणि तेथेच थांबले.