शंभराच्या वर जोडणी नाही

चेन्नईच्या ओल्ड महाबलीपुरम रोडवर, तरमणीच्या पुढे, एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लोड टेस्ट बघत बसलो होतो. ॲप मार्गळी या तमिळ महिन्यातल्या कर्नाटक संगीताच्या मैफलींच्या तिकिटांचं. वर्षभर शुकशुकाट आणि डिसेंबरात विक्री उघडली की झुंबड. सर्व्हरलेस अशाच कामासाठी: मागणी आली की फंक्शन उठतं आणि बिल चाललं तेवढ्याच वेळाचं. ॲमेझॉनने २०१४ मध्ये लॅम्ब्डा आणल्यापासून ही पद्धत रुळली.

स्क्रीनवर मात्र लाल ओळी धावत होत्या: ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी.’ ॲपचा डेटाबेस पोस्टग्रेस. तो प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो आणि मूळ सेटिंगमध्ये मर्यादा १००. लॅम्ब्डावर फंक्शनची एक प्रत एका वेळी एकच मागणी हाताळते. ५०० जण एकदम आले की ५०० प्रती, प्रत्येकीची आपली जोडणी. त्यात उत्तर देऊन झाल्यावर प्रत मरत नाही, गोठते. जोडणी तशीच अडकवून.

“मग मर्यादा वाढवा की,” मी म्हणालो.

“इतक्या प्रोसेसना मेमरी कुठून आणू, सर?” टीममधली सोलापूरची मुलगी हसली.

तिने मध्ये पीजीबाउन्सर बसवला. फंक्शनांची गर्दी तो अंगावर घेतो आणि डेटाबेसकडे मोजक्याच जोडण्या उघड्या ठेवतो. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये व्यवहार संपला की जोडणी दुसऱ्याला. शेअर ऑटोतली सीटच ती.

तरी रांग तुंबलीच. कारण कोडमध्ये निघालं: पेमेंट गेटवेचं उत्तर येईपर्यंत व्यवहार उघडा राहत होता. मग तिने काम तोडलं. आधी आसन राखल्याची नोंद, कमिट, जोडणी मोकळी. पैसे आल्याचं कळलं की दुसऱ्या छोट्या व्यवहारात तिकीट पक्कं. माझ्या मते सगळ्या दिवसातलं खरं काम हेच. पीजीबाउन्सर कोणीही बसवेल.

इतका त्रास असेल तर रिलेशनल डेटाबेस हवाच कशाला, असं विचारणारे भेटतात. पण एक आसन दोघांना विकायचं नसेल, तर संगणकशास्त्रज्ञ कॉडने १९७० मध्ये मांडलेले रिलेशनल तक्ते अजून उपयोगी पडतात. चेन्नईजवळ मुख्यालय असलेल्या झोहोनेही आपल्या कॅटॅलिस्ट या सर्व्हरलेस प्लॅटफॉर्ममध्ये फंक्शनांच्या जोडीला रिलेशनल डेटा स्टोअरच दिलं आहे.

संध्याकाळी तिने एकाच आसनावर मुद्दाम शेकडो मागण्या सोडल्या. मैफल आणि आसन यांच्या जोडीवर युनिक की होती. एक नोंद आत गेली, बाकीच्या ‘डुप्लिकेट की’ म्हणून परतल्या. मग रसिकाला त्याऐवजी तमिळमध्ये काय दाखवायचं, यावर टीमचा वाद सुरू झाला.