चटईच्या विणीतली छायाचित्रे

डिन क्यू. ले (1968–2024) यांची कामे दुरून रंगचित्रांसारखी दिसतात. जवळ गेल्यावर कळते, ही छायाचित्रे आहेत आणि तीही विणलेली. व्हिएतनाममधले, कंबोडियाच्या सीमेलगतचे हा तिएन हे त्यांचे गाव. कंबोडियातल्या ख्मेर रूज राजवटीच्या हल्ल्यांमुळे 1978 मध्ये कुटुंबाने ते सोडले आणि पुढे अमेरिका गाठली.

तंत्र : मोठ्या छायाचित्रांच्या लांब पट्ट्या कापायच्या आणि गवती चटईसारख्या उभ्या-आडव्या, एक वर एक खाली गुंफायच्या. ही वीण ते लहानपणी नात्यातल्या एका बाईकडून शिकले होते. ‘फ्रॉम व्हिएतनाम टू हॉलिवूड’ मालिकेत व्हिएतनाम युद्धाची वृत्तछायाचित्रे आणि हॉलिवूडपटांतली दृश्ये अशी मिसळतात, की खरे कुठले नि पडद्यावरचे कुठले, हे पटकन उमगत नाही.

सर्वांत हलवून टाकणारे काम मात्र ‘मोत कोई दी वे’. पळताना घरचे फोटो मागेच राहिले होते. व्हिएतनामला परतल्यावर ले जुन्या वस्तूंच्या दुकानांत ते शोधत राहिले. हाती लागले ते अनोळखी कुटुंबांचे फोटो : लग्नातले, लेकराबाळांचे, सहलीचे. तेच विकत घेऊन, एकमेकांना शिवून त्यांनी भलामोठा पडदा केला. परक्यांचे आप्त इतक्या मायेने सांभाळणारी कलाकृती विरळाच.

2022 मध्ये पॅरिसच्या के ब्रानली संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले. त्याचे नाव ‘स्मृतीचा धागा’ अशा अर्थाचे होते.