डोळ्याची रात्रपाळी

सुरतेला लिंबायतमध्ये माझ्या मामांच्या घरी सकाळी साडेआठला रात्र होते. खिडकीवर मामींची जुनी साडी ओढली जाते, पंखा पाचवर जातो, पोरांना बाहेर पिटाळलं जातं. मामा सात ते सातची रात्रपाळी करून आलेले असतात. कानात यंत्रमागाच्या खात्याचा खडखडाट, भुवयांवर सुताचा भुगा. अमळनेरजवळच्या खेड्यातून तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या गाडीत बसून ते इथं आले, त्याला आता तीस वर्षं उलटली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत अशी खानदेशी घरं गल्लोगल्ली सापडतात. दुकानदाराशी गुजराती, घरात अहिराणी, शाळेतल्या पोरांशी मराठी.

मामांना काचबिंदू आहे. सुरतेत त्याला झामर म्हणतात, आणि तोच शब्द आता मामांच्याही तोंडी बसलाय. तो सापडला उशिराच. जवळच्या चष्म्यासाठी ते दोनदा डोळे तपासून आले होते. दोन्ही वेळा सकाळी अकराच्या सुमारास यंत्रातून डोळ्यावर हवेचा झोत मारला गेला, दोन्ही वेळा आकडा सोळा आला, दोन्ही वेळा ‘प्रेशर नॉर्मल’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकून आतली नस पाहिली आणि बटण दाबायची टेस्ट करायला लावली. दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात मामांनी बटण दाबलंच नव्हतं. दिवे तिथे लागत होते, मामांना ते दिसत नव्हते.

“मन्हा डोया दुखत नही, मंग काय तपासनं?” हा त्यांचा इतकी वर्षांचा युक्तिवाद. काचबिंदूचा बहुतेक रुग्ण हेच म्हणतो, आणि खरंच म्हणतो. नेहमीच्या काचबिंदूत डोळा दुखत नाही. डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते वर्षानुवर्षं गुपचूप मरतात आणि नजरेतली भोकं मेंदू आपल्या अंदाजाने बुजवत राहतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, तमिळनाडूतल्या अरविंद नेत्रालयाच्या पाहणीत ज्यांना काचबिंदू आढळला, त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नव्हतं. मामा त्या नवांतले.

मग तो सोळाचा आकडा खोटा होता का? नव्हता. तो सकाळी अकराचा आकडा होता, एवढंच. या लेखाचं निमित्त ते ‘अकरा’ आहे.

डोळा हा पाणी भरलेला गोळा आहे, आणि ते पाणी वाहतं असतं. बुबुळाच्या मागचा एक भाग मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलीटर पाणी तयार करतो आणि कडेच्या बारीक जाळीतून ते रक्तात निघून जातं. आवक आणि जावक यांच्या हिशेबातून दाब ठरतो. १० ते २१ मिलिमीटर पारा ही सर्वसाधारण मर्यादा. पण माणूस आडवा झाला की डोळ्याबाहेरच्या शिरांतला दाब वाढतो, जावक अडते आणि आतला दाब चढतो. झोपेत पाण्याची आवक जवळपास निम्म्यावर येते, तरीही हा चढ राहतो. अमेरिकेत सॅन दिएगोच्या निद्रा-प्रयोगशाळेत लोकांना झोपवून, रात्री उठवून दाब मोजले, तेव्हा अनेकांचा सर्वाधिक दाब रात्रीच सापडला, दवाखाना बंद असतो तेव्हा. शीर्षासनाचं तर विचारूच नका. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात २००६ साली ७५ योगाभ्यासी लोकांचा दाब डोक्यावर उभं असताना मोजला, तो साधारण दुप्पट झाला होता.

दाब मोजण्याची उत्तम मानली जाणारी पद्धत आहे स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स गोल्डमन यांची, १९५० च्या दशकातली. डोळा बधिर करायचा, पिवळा रंग घालायचा, निळ्या उजेडात छोटा शंकू बुबुळावरच्या पारदर्शक काचेला टेकवायचा. डॉक्टरांना दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडेपर्यंत चकती फिरवायची. ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला जेवढा जोर लागला, तेवढा दाब. त्याआधी पन्नास वर्षं नॉर्वेच्या श्योट्झ यांचं वजनाचं यंत्र चालायचं. रुग्णाला उताणा निजवून ते डोळ्यावर ठेवायचे.

गोल्डमननी हिशेब करताना ही काच, म्हणजे पारपटल, सुमारे ५२० मायक्रॉन जाडीचं धरलं होतं. काच पातळ असेल तर ती लवकर सपाट होते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. इथे आपल्या घरची गोष्ट येते. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने ते काम जगभर ओळखलं जातं. विदर्भातल्या त्या शेतकऱ्या-मजुरांच्या पारपटलाची सरासरी जाडी भरली ५१४ मायक्रॉन. डोळ्याचा दाब वाढलेल्या लोकांवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ती ५७० च्या पुढे होती. दोन गटांची निवड वेगळी आहे, त्यामुळे सरळ तुलना करायची नाही, पण तिकडचे आकडे जसेच्या तसे इकडे लावताना हात जरा आखडता घ्यावा, एवढं नक्की.

थोडक्यात, ‘दाब किती’ यातच घोळ आहे. पण मामांच्या बाबतीत मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न: दाब केव्हा?

हा प्रश्न नवा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्टर कॉलिन्स यांनी १९६७ मध्ये काही मिलिमीटरचा एक बुडबुडा बनवला. त्यात समोरासमोर तारेची दोन चपटी वेटोळी. दाब वाढला की वेटोळी जवळ येतात आणि त्यांची रेडिओ-लहरींना साद देण्याची पट्टी बदलते. तबल्याचा ताण बदलला की स्वर बदलतो, तसंच. बॅटरी नाही, बाहेर येणारी वायर नाही. बाहेरून लहर सोडायची आणि कुठल्या पट्टीवर साद येते ते ऐकायचं. सशांच्या डोळ्यांत त्यांनी ते बसवून पाहिलं. आजचे बिनतारी सेन्सर याच कल्पनेची नातवंडं आहेत.

त्यांतलं एक थेट दवाखान्यापर्यंत पोचलं. पुन्हा स्वित्झर्लंडच, या वेळी लोझान. तिथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठात मातेओ लिओनार्दी यांनी मऊ सिलिकॉनच्या कॉन्टॅक्ट लेन्समध्ये ताण मोजणारी बारीक तार, एक चिप आणि एक अँटेना घातली. ‘सेन्सिमेड’ कंपनीने तिला नाव दिलं ट्रिगरफिश. डोळ्याभोवती चिकटपट्टीसारखी दुसरी अँटेना लावायची. तीच लेन्सला वीज पुरवते आणि लेन्सचे आकडे गोळा करते. तिथून वायर कमरेच्या किंवा गळ्यातल्या डबीत. दाब एक मिलिमीटर वाढला की पारपटलाच्या वक्रतेची त्रिज्या सुमारे तीन मायक्रॉनने बदलते. लेन्सच्या काठावरची तार तेवढ्याने ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो.

मामांना हे सांगितलं तर ते हसले. यंत्रमागावर ताण्याची तार तुटली की तिच्यावर लटकलेली पत्र्याची पिन खाली पडते आणि माग थांबतो. “आमच्याकडे तार तुटल्यावर कळतं,” मामा म्हणाले. “यांना ताण आल्यावरच कळतं म्हणजे.” इतक्या कमी शब्दांत मला ते सांगता आलं नसतं.

ही लेन्स दर पाच मिनिटांनी तीस सेकंद जागी होते आणि त्यात तीनशे नोंदी घेते. चोवीस तासांत २८८ वेळा. गुणाकार करून पाहा: ८६,४००. दिवसात जितके सेकंद तितक्याच नोंदी, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडला. आलेखावर पापणी लवल्याचे उंच काटे दिसतात. माणूस झोपला की काटे नाहीसे होतात. म्हणजे तो कधी झोपला हे आलेखच सांगतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१६ मध्ये तिला परवानगी दिली, तीही बेताची. ही लेन्स पाऱ्याचे मिलिमीटर सांगत नाही, विजेच्या मिलिव्होल्टशी जोडलेलं सापेक्ष मोजमाप देते. दाब कोणत्या सुमाराला चढतो ती वेळ शोधायची, आणि त्या वेळेला जुन्याच यंत्राने दाब मोजायचा. म्हणजे किती नव्हे, केव्हा. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ४० रुग्णांच्या एका अभ्यासात या आलेखातल्या काही खुणा आणि नजर भराभर कमी होणं यांचा संबंध दिसला. चाळीस म्हणजे फार नाहीत, हेही खरं.

आकडाच हवा असेल तर डोळ्याच्या आत जावं लागतं. जर्मनीतल्या हानोफरच्या ‘इम्प्लानडाटा’ने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतच बसवायची एक लवचीक कडी केली. हातातलं यंत्र डोळ्यासमोर धरलं की कडी आकडा सांगते. २०१७ मध्ये युरोपात तिला मान्यता मिळाली. तिसरी वाट फिनलंडची: घरीच, बधिर न करता, सुईएवढी बारीक, गोल टोकाची सळी डोळ्यावर हलकेच आपटून परत येते त्यावरून दाब काढणारं हातातलं यंत्र. अंगावर घालायचं नसलं तरी रात्री दोनला वापरता येतं. माझ्या मते आपल्याकडे आधी चालेल ते हेच. चोवीस तासांनी टाकून द्यायची लेन्स मीटरवर मजुरी मिळणाऱ्या कारागिराला परवडणार नाही. शिवाय ती लावून बारा तास सुताच्या भुग्यात उभं राहायचं, हे मला पटत नाही.

भुग्यावरून आठवलं. डोळे चुरचुरले की खात्यातली पोरं औषधाच्या दुकानातून थेंब आणतात. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली लवकर जाते आणि महिनोन्‌महिने टाकत राहिलं तर दाब चढतो. या दाबाला सेन्सर नको, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचणारा माणूस हवा.

पण ‘केव्हा’चा प्रश्न औषधाशीही येतो. टिमोलॉल हे जुनं, स्वस्त औषध. सॅन दिएगोच्याच संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की दिवसा ते दाब उतरवतं, रात्री मात्र त्याचा जवळपास उपयोग होत नाही. लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकदाच टाकायचं आणि ते रात्रीही काम करतं. मामांना तेच लिहून दिलं आहे. चिठ्ठीवर गुजरातीत सूचना होती: रात्री झोपताना एक थेंब.

मामांनी पहिला आठवडा ती शब्दशः पाळली. खात्यात, मागांच्या मधल्या बोळात, रात्री अकराला, पंख्याच्या वाऱ्यात मान वर करून थेंब टाकायचा. अर्धा गालावर. मग ते डॉक्टरांना विचारून आले की, साहेब, माझी रात्र कोणती? डॉक्टरांनी पेन उचलून ‘रात्री’ खोडलं आणि ‘झोपताना, रोज एकाच वेळी’ असं लिहिलं. पाळी बदलली तर काय करायचं तेही नीट समजावलं.

आता बाटली माठाशेजारच्या कोनाड्यात असते. सकाळी साडेआठला मोबाइल वाजतो. मामी साडीचा पडदा ओढतात, मामा खाटेवर उताणे होतात, आणि मामी एका बोटाने त्यांची खालची पापणी ओढून थेंब टाकतात.