स्नायू धडधाकट, पण हुकूमच पोहोचत नाही

चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावात पावसाळा म्हणजे सोयाबीन-कपाशीची निंदणी, पाठीवरचे फवारणीचे पंप आणि रात्री जमिनीवर टाकलेलं अंथरूण. मण्यार निघते ती याच दिवसांत. झोपलेल्या माणसाला ती चावते आणि पुष्कळदा तो जागाही होत नाही. दात इतके बारीक की व्रण सापडत नाही, सूज येत नाही, रक्त दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. रात्रीचं जेवण बाधलं असावं, असं घरचे धरून चालतात. मग पापण्या मिटू लागतात, मान धरवत नाही, घोट गिळवत नाही, बोलणं अस्पष्ट होतं. शेवटी छातीचा भाता चालेनासा होतो.

इथपर्यंत आलेला माणूस बेशुद्ध झाला, आता काही उरलं नाही, असा सर्वांचा समज होतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट असू शकते. त्याला ऐकू येत असतं. भोवतालची रडारड, ‘आता नेऊन काय उपयोग’ हे बोलणं, सगळं कळत असतं. पापणी उचलणारा स्नायू चालत नाही म्हणून डोळे मिटलेले असतात आणि जीभ हलत नाही म्हणून तो गप्प असतो. मेंदू मेल्यासारखे दिसणारे मण्यारदंशाचे रुग्ण श्वासयंत्रावर राहून पूर्ण बरे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

हे कसं घडतं ते समजायला आज्ञेचा रस्ता पाहावा लागतो. हालचालीचा हुकूम मेंदूच्या बाहेरच्या थरातून निघतो. मेंदूच्या देठाशी त्यातले बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो. मज्जारज्जूत दुसरी चेतापेशी हुकूम उचलते आणि तिचा लांब तंतू थेट स्नायूपर्यंत जातो. वेगवान तंतूंमध्ये हा संदेश सेकंदाला 100 मीटरच्या आसपास धावतो. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये सुमारे 50 नॅनोमीटरची फट असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. विजेचा संदेश या फटीपाशी थांबतो आणि पुढचं काम रसायन करतं. तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, स्नायूवरच्या ग्राहकांना जाऊन लागतं आणि स्नायू आकसतो. लगोलग कोलीनएस्टरेज नावाचं विकर त्या रसायनाचे तुकडे करतं, म्हणून पुढचा हुकूम येईपर्यंत फट मोकळी होते. चेतातंतू रसायन सोडून निरोप पोहोचवतो हे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. त्यासाठी 1936 चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर मिळालं.

सापांनी नेमकी हीच फट गाठली आहे. नागाचं विष स्नायूवरचे ग्राहक अडवून बसतं. मण्यारीचं विष त्याहून वाईट, ते तंतूच्या टोकालाच इजा करतं, मग रसायन सुटतच नाही. स्नायू धडधाकट असतो, मेंदूही शाबूत असतो. विहिरीवरची मोटार चांगली आणि लाइनही आलेली, पण स्टार्टर जळालेला, तसं हे आहे.

एवढं लक्षात आलं की गावोगाव चालणाऱ्या एका परीक्षेतला धोका कळतो. साप चावलेल्याला कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चघळायला देतात. कडू-तिखट लागलं तर विष चढलं नाही, असं मानतात. चव नेणाऱ्या चेता वेगळ्या. विषाचा मारा स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंच्या टोकांवर असतो, चवीवर नव्हे. त्यामुळे पाला शेवटपर्यंत कडूच लागू शकतो. उलट गिळण्याचे स्नायू दुबळे झाले असताना तोंडात घातलेला घास श्वासनलिकेत जाऊन तिथेच माणूस गुदमरू शकतो. पाणीसुद्धा देऊ नये.

दोरी करकचून आवळल्याने विष थांबतं, हाही असाच समज. आवळलेल्या हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते. चिरा देणं, तोंडाने ओढणं यांचाही उपयोग नाही.

हृदयाचं काय? ते आपल्या ठोक्याचा संकेत स्वतःच तयार करतं आणि त्यावरचे ग्राहक वेगळ्या जातीचे असतात. म्हणून श्वास थांबला तरी हृदय काही मिनिटं धडधडत राहतं. तेवढ्या वेळात तोंडाने किंवा यंत्राने श्वास मिळाला, तर माणूस वाचतो. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं, पण तंतूची आधीच बिघडलेली टोकं ते दुरुस्त करत नाही. टोकं पुन्हा वाढायला काही दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वासयंत्र. उशीर महागात पडतो तो यामुळे.

नागदंशात डॉक्टर निओस्टिग्मिन देतात. ते कोलीनएस्टरेजला थोडा वेळ रोखतं, फटीत अ‍ॅसिटिलकोलीन साचतं आणि मिटलेल्या पापण्या उघडू लागतात. मण्यारीच्या दंशात मात्र सुटणारं रसायनच आटलेलं असल्याने याचा फारसा गुण येत नाही.

याच विकराला फवारणीच्या पंपातलं औषधही रोखतं, तेही बेहिशेबी. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशकं किडीला मारतात ती याच मार्गाने, आणि माणसातलं हे विकर किडीतल्या विकराहून फार वेगळं नाही. विकर बंद पडलं की अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं. बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ आणि घाम वाहतो, छाती भरते, स्नायू जागच्या जागी फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक जीव गेले. विष पोटात गेलं तरच बाधतं, हा समज तिथे महागात पडला. ते कातडीतून जातं, श्वासातून जातं, भिजलेल्या सदऱ्यातून दिवसभर झिरपत राहतं. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, अंगावर उडालं तर कपडे तिथेच काढून साबणाने अंग धुवावं. दूध-तूप पाजणं हा उतारा नाही. उतारा आहे तो अ‍ॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम, आणि दोन्ही दवाखान्यातच. ‘काल बरा होता, आज एकदम खराब झाला’ हेही खरं असतं. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात, म्हणून बरं वाटलं की लगेच घरी जाण्याची घाई करू नये.

हुकूम मेंदूतच अडला तरी असेच समज आड येतात. लकवा मारला की ‘वारं गेलं’ म्हणतात आणि त्या अंगाला कबुतराचं रक्त चोळतात. बिघाड त्या अंगात नसतोच. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते, तीही बहुधा विरुद्ध बाजूची. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. चोळण्यात आणि उताऱ्यात जातात ते नेमके हेच तास. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली, यांतलं एक जरी अचानक दिसलं तरी निघावं.

कधी घाव मधल्या चेतातंतूंवरच बसतो. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुइलेन-बारे आजाराची साथ पसरली. तेव्हा हातपाय लुळे पडण्याचा रोग स्पर्शाने लागतो, अशी धास्ती होती. तसं नाही. बहुधा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जिवाणूचा संसर्ग होतो, आणि त्याच्याशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटते. पुण्याच्या काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. रुग्णाजवळ बसायला भीती नाही. पाणी उकळून प्यावं.

साध्या दुखण्याबद्दलही असा समज असतो. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा शिरेवर शीर चढलेली नसते, स्नायू आपसूक आकसून राहिलेला असतो. पाय सरळ करून बोटं गुडघ्याकडे ओढली की तो सुटतो.

मण्यारीच्या बाबतीत गावाने काही गोष्टी पाठ कराव्यात. पावसाळ्यात खाटेवर झोपावं, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. पहाटे पोटदुखीबरोबर पापण्या मिटू लागल्या तर चावा दिसला नाही तरी सर्पदंश समजावा आणि 108 ला फोन करावा. रुग्णाला चालवू नये, कुशीवर ठेवावं, श्वास मंदावला तर तोंडाने द्यावा. त्याच्याशी बोलत राहावं, कारण तो ऐकत असतो. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालतं. सरकारी रुग्णालयात त्याचे पैसे पडत नाहीत.