मुलींना सावध करतो, मुलांना काय शिकवतो?

१ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर अनेक मुस्लिम महिलांचे फोटो ‘लिलावा’साठी टाकलेले दिसले. सगळे सोशल मीडियावरून न विचारता उचललेले. मुंबई सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि आठवडाभरातच अटकेतले आरोपी वांद्र्याच्या न्यायालयात उभे होते. बंगळुरूमधून पकडलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी २१ वर्षांचा, तर उत्तराखंडमधून पकडलेली मुलगी अवघी १८ वर्षांची!

अशी बातमी आली की आपण मुलीला म्हणतो, “तुझे फोटो काढून टाक.” पण चूक फोटो टाकणारीची नव्हती, चोरणाऱ्याची होती. म्हणून मुलालाही जवळ बसवून सांगा: वर्गातल्या मुलीचा फोटो बिघडवून ग्रुपवर टाकणे ही मस्करी नाही. पुढे फॉरवर्ड करणाराही गुन्ह्यात अडकू शकतो. डिलीट केले तरी कुणाच्या तरी फोनमध्ये स्क्रीनशॉट राहतो; ॲडमिशन, नोकरी किंवा लग्न ठरताना तोच समोर येतो.

आणि आपल्याच मुलीसोबत असे घडले तर? आधी ओरडू नका, फोन हिसकावू नका. नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. लिंक, अकाउंटचे नाव, तारीख लिहून ठेवा. मग ॲपवर रिपोर्ट करा आणि सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार द्या. चाइल्डलाइन १०९८ हा नंबर मुलांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा.

इज्जत मुलीची असो की मुलाची, ती दोघांनीही सांभाळायची अमानत आहे.